जुन्या स्क्रू-बुचाच्या बिअर बाटल्या पुन्हा वापरात आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीचा. कुपवाड एमआयडीसीत टर्नर म्हणून उभी हयात गेली. आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनं लेथ मशीन आहे आणि मी आहे. काही वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये राहणाऱ्या भाच्याचा फोन आला, "मामा, आतून आटे असलेल्या बाटल्यांचं अख्खं खोकं मिळालंय, पण एकालाही बूच नाही. करून देशील का?" भाचा तिकडे घरी बिअर करतो. बारा बुचं करून पाठवली, मग त्याच्या मित्रांची आली, मग इथल्याच ओळखीच्यांनी माळ्यावरच्या बाटल्या आणून दाखवायला सुरुवात केली. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून हे लिहून ठेवलंय.

ही बाटली नेमकी कुठली? साध्या झाकणाच्या बाटलीपेक्षा वेगळी कशी?

आपल्या ओळखीच्या बाटलीला आटे बाहेरून असतात आणि झाकण त्यावर बसतं. हिला आटे मानेच्या आत असतात. बूच म्हणजे जाडजूड बोल्टच, वर पकडायला डोकं आणि डोक्याखाली रबराची रिंग. बूच पिळलं की रिंग तोंडाच्या काठावर दाबली जाते आणि वायू अडतो. लंडनच्या हेन्री बॅरेट यांनी १८७९ मध्ये या बुचाचं पेटंट घेतलं. पुढची सत्तरएक वर्षं ब्रिटनमधली बिअर, सायडर (सफरचंदाचं मद्य) आणि लेमोनेड अशा बाटल्यांतून विकलं गेलं. बाटलीवर ब्रुअरीचं नाव काचेतच उठवलेलं असे, कारण बाटली ब्रुअरीच्या मालकीची. गिऱ्हाइकानं अनामत भरायची, रिकामी बाटली परत केली की पैसे परत.

तिकडे अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये दातेरी पत्र्याचं झाकण काढलं, आपण ओपनरनं उडवतो ते. ते स्वस्त, यंत्रानं झटपट लागणारं आणि एकदा वापरून टाकून द्यायचं. त्याच्यापुढे हळूहळू स्क्रू-बूच मागे पडलं. पण अर्धी बाटली पिऊन बाकीची उद्यासाठी ठेवायची सोय स्क्रू-बुचातच होती.

म्हणजे आपली गोटी सोड्याची बाटली?

नाही. ती हिरम कॉड यांची, १८७० च्या दशकातली. तिच्यात आतल्या वायूचा दाबच गोटीला वर ढकलून रबराच्या कड्यावर बसवतो, म्हणून ती उलटी धरून यंत्रावर भरावी लागते. घरी भरण्याच्या फंदात पडू नका. स्क्रू-बुचाची बाटली मात्र कुणालाही हातानं भरता येते, आणि खरी मजा तिथेच आहे.

सांगली-साताऱ्यात अशा बाटल्या सापडतात का?

सापडतात, पण नशिबावर. महाबळेश्वर-पाचगणीचे जुने बंगले रिकामे होतात तेव्हा, साताऱ्याच्या सदर बाजारातल्या जुन्या घरांच्या अडगळीत, मिरजेच्या भंगारवाल्यांकडे. साहेब लोक जिथे राहिले तिथे त्यांच्या बाटल्याही राहिल्या. पुढे त्याच बाटल्यांत आपल्या आज्यांनी एरंडेल, रॉकेल आणि काकवी भरली. सांगलीत २०१९ च्या महापुरानंतर तळघरं आणि पोटमाळे उपसले गेले, त्यात काहींच्या हाती लागल्या. माझ्याकडची सर्वांत देखणी बाटली त्याच चिखलातली. काळपट हिरवी, तळाला अंगठ्याएवढी खोलगट.

भंगारवाल्याला "जुनी बिअरची बाटली" म्हणून विचारू नका, तो हल्लीच्या बाटल्यांचं पोतं पुढे करील. "मानेत आतून आटे असलेली" म्हणा आणि करंगळी आत घालून दाखवा.

तिच्यात इथे घरी बिअर करता येईल का?

नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, स्वतःच्या घोटापुरतं असलं तरी. ब्रिटनमध्येही एके काळी घरच्या बिअरला परवाना लागायचा. तो १९६३ मध्ये रद्द झाला, म्हणून भाचा निर्धास्त करतो. विकणं मात्र त्यालाही मना आहे.

त्यामुळे या पानावर बिअरचं जे जे आहे ते तिकडच्यांसाठी. इथे राहणाऱ्यांनी याच बाटल्यांत लिंबू सोडा, आल्याचा सोडा, कोकम सोडा भरावा. बाटलीला आत काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं, तिला फक्त दाब कळतो. म्हणून काच तपासणं, बूच, रिंग हे सगळं दोघांनाही सारखंच लागू.

काच भरवशाची आहे हे कसं ओळखायचं?

या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्या. बूच नवं करता येतं, रिंग नवी येते, काच नवी करता येत नाही.

आधी तोंडाचा काठ बघा. रिंग जिथे टेकते त्या जागी नखाएवढा जरी कपचा उडालेला असेल तरी बाटली वायूसाठी बाद. काही जण एपॉक्सी लावून कपचा भरतात. शोकेससाठी ठीक, दाबासाठी नाही. मग करंगळीनं आतले आटे चाचपा, पण सावकाश, तुटका आटा ब्लेडसारखा कापतो. आट्यांचा थोडा तुकडा गेला असेल तर चालतं, कारण वायू अडवायचं काम रिंग करते, आटे फक्त बूच धरून ठेवतात. सलग अर्धा वेढा गेला असेल तर मी नाही म्हणतो.

नंतर बाटली उन्हात धरून फिरवा. काचेतले बुडबुडे बघून घाबरायचं नाही, जुन्या काचेत ते असतातच. घाबरायचं ते खड्याला. भट्टीत न विरघळलेला पांढरा कण काचेत अडकलेला असतो आणि कधी कधी त्याच्याभोवती कोळिष्टकासारख्या बारीक चिरा असतात. अशी बाटली आज धरेल, उद्या धरणार नाही. तळाच्या कडेला चंद्रकोरीसारखी चीर दिसली तरी तोच निकाल.

आणखी एक तपासणी घरबसल्या होते आणि लोकांना ती जादूच वाटते. लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांपुढे धरून फिरवा, एका कोनात पडदा काळा दिसेल. आता पडदा आणि गॉगल यांच्या मध्ये बाटली धरा. काच नीट सावकाश थंड केलेली असेल तर ती बहुतेक काळीच दिसते. जिथे काचेत ताण अडकलाय तिथे पांढरे किंवा रंगीत पट्टे उजळतात. तळाशी थोडा उजेड दिसणारच, काच तिथे जाड असते. पण खांद्यावर किंवा मानेत झगझगीत पट्टा दिसला तर ती बाटली मनीप्लांटला द्या.

एवढं करूनही हमी मिळत नाही. वर्षानुवर्षं खोक्यात एकमेकींवर घासलेल्या बाटल्यांच्या अंगावर ओरखडे असतात आणि काच ओरखड्यापासूनच फुटते. पहिल्यांदा भराल तेव्हा गोणपाटात गुंडाळून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात तीन दिवस ठेवा. उघडताना जाड कापड आणि डोळ्यांना गॉगल. मी आजही हेच करतो, आणि बायको आजही हसते.

आत आधी काय भरलं होतं ते माहीत नाही. चालेल?

आपल्या भागात हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. द्राक्षबागेच्या शेडमधली, उसाच्या खोपीतली बाटली असेल तर तिच्यात फवारणीचं औषध मोजून ठेवलं गेलेलं असू शकतं. काच औषध शोषत नाही हे खरं, पण आट्यांच्या खाचेत आणि तळाच्या गाळात काय चिकटलंय ते दिसत नाही. रॉकेलचा, फिनेलचा किंवा ओळखू न येणारा वास आला, किंवा बाटली शेतातून आली एवढं जरी कळलं, तरी मी ती पिण्यासाठी वापरत नाही. जुनं बूच तर नाहीच, कारण रबर वास धरून ठेवतं.

धुवायची कशी?

आधी साध्या पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवा. निम्मी घाण तिथेच सुटते. मग लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून रात्रभर. चिकट तेलकट थर असेल तर पाणी बदलून पुन्हा. आतल्या कोपऱ्यांत ब्रश पोचत नाही तिथे मूठभर तांदूळ आणि थोडं पाणी घालून खळखळवा. वाळू नको, ओरखडे पडतात. कॉस्टिक सोडा नको. काम फटकन करतो, पण हात भाजतो आणि गरम असेल तर काचही खातो.

बोअरच्या पाण्यानं आलेला पांढरा क्षार सोड्यानं जात नाही, त्याला आंबट लागतं. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरला दोन चमचे घालून चार-पाच तास ठेवा. गंजाचे डागही त्यानंच जातात, फक्त वेळ लागतो. ब्लीचिंगचं पाणी आणि आंबट एकत्र कधीही करू नका, विषारी वायू सुटतो.

उकळतं पाणी थेट ओतू नका. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या काचकारखान्यातला प्रभाकर कंदील ज्यांच्या घरी होता त्यांना हे वेगळं सांगायला नको. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पावसाचा एक थेंब पडायचा आणि टच् करून तडा जायचा. जाड बाटलीत तेच होतं. आतला थर फुगतो, बाहेरचा तिथेच राहतो.

काही केल्या पांढुरकं धुकं जात नाही.

मग ते धुकं नाही, काचच आंधळी झालीय. वर्षानुवर्षं ओल्या मातीत राहिली की पाणी काचेतला सोडा ओढून काढतं आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. आपल्याकडच्या क्षारपड जमिनीतून निघालेल्या बाटल्या अशा असतात. ओली केली की धुकं गायब, वाळली की हजर, ही त्याची खूण. काही संग्राहक बाटलीत तांब्याच्या तारेचे तुकडे आणि पॉलिशची पूड घालून ती यंत्रावर दिवसचे दिवस फिरवतात. चकाकी येते, पण काच तेवढी झिजते. मी अशा बाटल्या पाण्यासाठी वापरतो, दाबाखाली नाही.

बूच आत घट्ट बसलंय. गरम पाण्यात धरू?

थांबा. माझी पहिली चांगली बाटली मी इथेच घालवली.

बरणीचं पत्र्याचं झाकण अडकलं की आपण गरम पाणी ओततो. पत्रा काचेपेक्षा जास्त फुगतो आणि सैल होतो. इथे बूच आत आहे. ते बहुधा एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं असतं आणि एबोनाइट काचेच्या साताठ पट फुगतं. म्हणजे गरम केलं की बूच आणखी आवळून बसतं आणि मानेला आतून रेटतं. मी चहाचं आधण ओतलं. पाच सेकंदांत मान बांगडीसारखी वेगळी झाली. चाळीस वर्षं धातू तापवून फिट बसवणाऱ्या माणसानं हे करावं, याची लाज अजून वाटते.

म्हणून उलट करा. आधी भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बाटली मानेपर्यंत उलटी बुडवून दोन-तीन दिवस ठेवा. साखरेचा जुना पाक आट्यांत सुकून बसलेला असतो, तो विरघळायला वेळ द्या. क्षार असेल तर त्यात लिंबूसत्त्व. मग बाटली कोरडी करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. सकाळी बाहेर काढल्या काढल्या मानेभोवती हाताची ऊब द्या आणि रबरी हातमोज्यानं डोकं पिळा. पाना किंवा पक्कड लावू नका, डोकं तुटून येतं आणि दांडा आत राहतो. निघालं नाही तर पुन्हा साबणाचं पाणी. माझं सर्वांत हट्टी बूच अकराव्या दिवशी निघालं.

लाकडाचं बूच असेल तर प्रकार वेगळा. लिग्नम व्हिटी नावाच्या अतिशय जड, पाण्यात बुडणाऱ्या लाकडाची बुचं असत. ती पाण्यात फुगतात. त्यांना पाणी नको, आठवडाभर सावलीत कोरडं राहू द्या.

काळं बूच तपकिरी-हिरवट झालंय आणि त्याला गंधकाचा वास येतो. खराब झालं का?

म्हातारं झालंय. रबरात वजनाच्या पाव ते एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त गंधक घालून तापवलं की एबोनाइट बनतं. ऊन आणि दमट हवा यांनी वरचा थर बिघडतो, रंग उतरतो, गंधकाचं आम्ल पृष्ठभागावर येतं. वासही गंधकाचाच. गरम पाण्यानं हे लगेच होतं, काळंभोर बूच उकळत्या पाण्यातून शेणखळ्याच्या रंगाचं होऊन बाहेर येतं. त्यामुळे एबोनाइटला नेहमी थंड किंवा कोमट पाणी.

वरचा थर काढता येतो. पाण्याचा पॉलिश पेपर घ्या, आधी ६०० नंबरचा, मग १०००, शेवटी २०००, ओला करूनच घासा. नंतर सुती कापडावर पितळेचं पॉलिश घेऊन हात मारा आणि साबणानं स्वच्छ धुवा. डोक्यावर ब्रुअरीचं नाव कोरलेलं असेल तर तिथे हात लावू नका, तपकिरी राहू द्या. रिंग बसते ती खाच मात्र आरशासारखी पाहिजे. थिनर, पेट्रोल वगैरे लावू नका.

घासल्यावरही वास राहिला तर ते बूच पिण्याच्या बाटलीला नको.

बुचावर "वॉर ग्रेड" असं लिहिलंय. हे काय?

दुसऱ्या महायुद्धातलं बूच. १९४२ च्या सुरुवातीला जपाननं मलाया आणि सिंगापूर घेतलं आणि ब्रिटनचा रबराचा मोठा पुरवठा तुटला. मग बुचातही रबर वाचवायची वेळ आली आणि कामचलाऊ माल "युद्धकाळातला दर्जा" असं छापून विकला गेला. असं बूच ठिसूळ असू शकतं. पिळू नका, जपून ठेवा. एका बुचावर अख्खं सिंगापूर पडल्याची बातमी असते, असं मी नातवाला सांगतो.

रिंग कुठली घालू? नळाचा वायसर चालेल?

नळाचा वायसर चालणार नाही. त्याला रबराचा वास असतो आणि तो पेयात उतरतो. जुनी लाल रिंग कितीही छान दिसली तरी फेकून द्या. नखानं दाबून बघा, खळगा पडत नसेल तर ती मेलीय.

ब्रिटनमध्ये घरी बिअर करणाऱ्यांसाठी या बुचांच्या नव्या लाल रिंगा विकत मिळतात. भाचा येताना मूठभर आणतो. इथे ओ-रिंगवर भागतं. व्हर्नियरनं खाचेचा व्यास आणि रुंदी मोजा, रबर किंचित ताणून बसेल अशी रिंग घ्या. दुकानदार हटकून सिलिकॉन पुढे करील, "साहेब, फूड ग्रेड आहे." खरं आहे, आहे. पण सिलिकॉनमधून कार्बन डायऑक्साइड इतर रबरांच्या मानानं फार सहज झिरपतो. चार दिवसांच्या सोड्याला हरकत नाही, भाच्यासारखी दोन महिने बाटली ठेवायची असेल तर वायू हळूहळू निघून जातो आणि दोष बुचाला लागतो. खाद्य दर्जाचं नायट्राइल किंवा ईपीडीएम रबर घ्या. ईपीडीएमला तेल आणि ग्रीस लावू नका, फुगतं. बसवताना पाण्यानं ओलं केलं की पुरे.

रिंग बसली की बाटली पाण्यानं भरा, बूच लावा आणि वर्तमानपत्रावर रात्रभर उलटी ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर पुढे जा.

बूच मुळीच नाही. नवं करून मिळतं का?

मिळतं, पण लेथवाल्याला कामाचा नाद पाहिजे. पैशाच्या हिशेबात हे काम कुणालाच परवडत नाही.

माल कुठला? मूळ एबोनाइट पाहिजे असेल तर त्याचे रॉड आपल्या देशात अजून बनतात, हातानं बनवलेल्या फाउंटन पेनांसाठी. कापायला गोड असतं, पण वेग कमी ठेवा आणि कटर वस्तऱ्यासारखा धारदार. तापलं की गंधकाचा धूर सुटतो, तोंडाला मास्क बांधा. पेयाचा विचार केला तर मी आता खाद्य दर्जाच्या ॲसिटालचा, म्हणजे एका कडक प्लास्टिकचा, रॉड घेतो. उकळतं पाणी सोसतो, वास नाही, पाणी पीत नाही. पांढरा घेतला तर बाटलीला कवळी लावल्यासारखी दिसते, म्हणून काळा.

माप घेणं हेच खरं काम. एखादं मूळ बूच हाती असेल तर त्यावरूनच आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मोजा. नसेल तर दातांच्या दवाखान्यात जबड्याचा ठसा घेतात ती सिलिकॉनची पुट्टी बोटानं मानेत दाबा, आधी आतून साबणाचा हात फिरवून. घट्ट झाली की पिळूनच बाहेर काढा. आटे छापलेला ठसा मिळतो. लक्षात ठेवायचं की हे आटे टोकदार नसतात, गोलसर असतात, कारण काचेला टोक सोसत नाही. टूल तसंच घासून घ्या. मापं इंचांतली आहेत, मेट्रिक पिचवर ओढूनताणून बसवलं की दोन वेढे जातात आणि तिसऱ्याला अडतं. बाटल्या हातानं आणि वेगवेगळ्या कारखान्यांत बनलेल्या, त्यामुळे एका बाटलीचं बूच दुसरीला बसेलच असं नाही. मी आटे मुद्दाम थोडे ढिले ठेवतो. काचेत घट्ट फिट करायची हौस करू नये.

डोक्याखालचा रिंग बसायचा गाळा मात्र अचूक आणि गुळगुळीत. तिथे टूलची एक रेघ राहिली तरी त्याच रेघेतून सोडा फुसफुसतो.

थ्रीडी प्रिंट केलं तर?

मापाचा नमुना म्हणून उत्तम. पिण्यासाठी नको, थरांच्या फटींत घाण बसते आणि वायूही तिथून वाट काढतो.

भरण्याआधी निर्जंतुक कशी करायची?

बाटली गार पाण्याच्या पातेल्यात, खाली फडकं घालून, मंद आचेवर सावकाश तापवता येते आणि तशीच पाण्यात सावकाश निववावी लागते. मी तेवढा धीर धरत नाही. सरबतवाले वापरतात ते केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, थोडं लिंबूसत्त्व घातलेल्या पाण्यात विरघळवून बाटली आणि बूच दोन्ही त्यात दहा मिनिटं ठेवतो आणि उकळून गार केलेल्या पाण्यानं विसळतो. वास नाकात जातो, दमा असेल त्यानं हे काम दुसऱ्याला द्यावं. बूच आणि रिंग वेगळी करून धुवा. काळी बुरशी नेहमी रिंगेच्या मागे लपलेली असते.

तिकडे बिअर भरणाऱ्यांनी साखर किती घालावी?

भाच्याला मी हेच बजावतो की आधी आंबवण पूर्ण संपू दे. हायड्रोमीटरचा, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचा, आकडा तीन दिवस हललेला नसावा. मग लिटरला साधारण ४ ते ५ ग्रॅम साखर. म्हणजे ५६८ मिलीलिटरच्या एक पिंटच्या बाटलीला अडीच ग्रॅमच्या आसपास. लिटरला ४ ग्रॅम साखर पूर्ण आंबली की बिअरच्या आकारमानाएवढा एक पट वायू तयार होतो, आणि २० अंशांना आंबवलेल्या बिअरमध्ये पाऊण पटीहून थोडा जास्त वायू आधीच मुरलेला असतो. दोन्ही मिळून दोन पटींच्या आसपास. इंग्रजी एलला, म्हणजे तिकडच्या कमी फेसाच्या पारंपरिक बिअरला, तेवढंच शोभतं. बेल्जियन किंवा गव्हाच्या बिअरचा जोरदार फेस पाहिजे असेल तर जाड नव्या बाटल्या घ्या, या आजीबाईंना तो ताप नको. वर दोन बोटं जागा सोडा.

आपल्या उन्हाळ्यात कोकम सोडा भरून ठेवला तर?

फ्रिजमध्ये ठेवा, आणि दोन-तीन दिवसांत संपवा. कारण सांगतो. पेयात अडीच पट वायू मुरवलाय असं धरा. २० अंशांना बाटलीतला दाब सुमारे २६ पीएसआय असतो, मोटारीच्या टायरपेक्षा जरा कमी. तीच बाटली एप्रिलमधल्या सांगलीत ४० अंशांना माळ्यावर ठेवली की दाब पन्नाशीच्या पुढे जातो. बाटलीत काहीही घातलेलं नाही, फक्त ऊन वाढलंय.

त्याहून वाईट म्हणजे गूळ. एकदा घरी आल्याचा रस, लिंबू आणि गूळ घालून सोडा केला, चव अशी की पाहुण्यांनी पाककृती लिहून घेतली. दोन बाटल्या फ्रिजमध्ये मावल्या नाहीत म्हणून मोरीच्या कोनाड्यात राहिल्या. कच्च्या आल्यावर आणि गुळात जंगली यीस्ट असतंच. चौथ्या दिवशी पहाटे दोन्हींचा बार झाला. शेजारी बॅटरी घेऊन धावत आले. नशिबानं मोरीत कुणी नव्हतं. हिशेब बघा. लिटरला १०० ग्रॅम गोड असेल तर त्यातून पंचवीस पट वायू तयार होऊ शकतो. कुठलीही बाटली त्याच्या कितीतरी आधी हार मानते. शिवाय आंबलं म्हणजे मद्य झालं, तो कायद्याचा भाग वेगळाच.

म्हणून पाक उकळून गार करा, आल्याचा रसही त्यातच उकळा. सोडा मशीनमध्ये फक्त पाण्यात वायू भरा, तेही बर्फासारखं गार असताना. पाक आधी बाटलीत, मग बाटली तिरपी धरून कडेनं पाणी ओता आणि लगेच बूच पिळा. थोडा वायू उडतो, उडू द्या.

पारदर्शक बाटली चालते का?

सोड्याला चालते. बिअरला तपकिरी सर्वांत चांगली, हिरवी बेताची. उजेड लागला की हॉप्समधला, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांमधला, कडूपणा बिघडून उग्र घाण वास येतो.

बुचावरून मानेपर्यंत चिकटवलेल्या कागदी पट्टीचा तुकडा आहे. काढू का?

काढू नका. ब्रिटनमध्ये तेव्हा बाप मुलाला पबमधून बिअर आणायला पाठवायचे आणि वाटेत मुलगा घोट घ्यायचा. १९०१ च्या कायद्यानं चौदा वर्षांखालच्या मुलाच्या हाती बिअर द्यायची तर भांडं बूच लावून सीलबंद असलं पाहिजे असं ठरलं. पट्टी फाटलेली दिसली की घरी चोरी पकडली जायची. अशी पट्टी शिल्लक असलेली बाटली धुवूच नका, कोरड्या ब्रशनं झटका आणि कपाटात ठेवा.

बूच किती घट्ट पिळायचं?

रिंग टेकली की वर पाव वेढा. उघडताना कापड धरून आधी अर्धा वेढाच सोडा, फुस्स थांबेपर्यंत हात तिथेच ठेवा, मग पुढे. रिकामी झालेली बाटली बूच लावून ठेवू नका. बूच वेगळं, दोरीनं मानेला बांधून.